स्टंटची गाडी कशी लावावी

पुण्यात ‘गाडी लावणे’ म्हणजे पार्किंगला जागा हुडकणे. मी म्हणतोय ते लावणं तंबोऱ्याचं. गवई बसण्याआधी तारा जशा लावून घेतात, तसं स्टंटच्या गाडीचं इंजिन लावून घ्यावं लागतं. आणि बहुतेक मुलं नेमकी उलट्या बाजूने खुंटी पिळतात.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा केटीएमची दोनशे सीसीची ड्यूक मोटरसायकल घेऊन गॅरेजात आला. सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टर उघडा, आवाज असा की शेजारचा चहावाला बाहेर आला. “काका, पिकअप अजून वाढवून द्या, व्हीली धरून ठेवता येत नाही.” व्हीली म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर गाडी चालवणं. मी एक फेरी मारून आलो. चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) खाली इंजिनात जीवच नव्हता आणि सहाच्या पुढे ते खेचरासारखी लाथ मारत होतं. या लाथेसाठी त्याने चांगले पैसे मोजले होते. मी कंपनीचा सायलेन्सर आणि फिल्टर परत चढवायला लावला, मागे मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चकती, टाकलं, स्लो (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) वाढवला. गाडीचा टॉप स्पीड पार गेला. दोन आठवड्यांनी पोराने फोन करून सांगितलं की गाडी आता ‘ऐकते’.

गाडीने ऐकायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे. स्टंटला घोडाशक्ती फार लागत नाही. मनगट केसभर फिरवलं तर इंजिनाने केसभरच उत्तर द्यावं, आणि तेच उत्तर शंभराव्या वेळीही द्यावं. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका गोष्टीसाठी.

आधी जागा आणि कायदा

हा भाग उरकून टाकतो, पण वगळू नका. सार्वजनिक रस्त्यावर स्टंट करायचा नाही. रात्रीचा बायपास, पाषाणचा रिकामा रस्ता, ताम्हिणी, लवासाची वळणं, कुठेच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा लागतो. पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक अडकतो: २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय नियमात न बसणारे बदल गाडीत करणं हा वेगळा गुन्हा आहे. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

तेव्हा स्टंटची गाडी वेगळी ठेवा आणि ती छोट्या हत्तीत टाकून मैदानावर न्या. चाकण-तळेगावकडे बंद कंपन्यांची काँक्रीटची आवारं आहेत. मालकाची लेखी परवानगी घ्या. एकट्याने कधीच सराव करायचा नाही. सोबत एक जण असा हवा की जो शूटिंग करणार नाही, फक्त बघेल आणि वेळ आली तर फोन लावेल. हेल्मेट पूर्ण तोंडाचं, शिवाय पाठीचं, गुडघ्याचं, कोपराचं संरक्षण आणि घोट्यावर येणारे बूट. चप्पल घालून आलेल्या पोराला मी मैदानातूनच परत पाठवतो.

इंजिन निवडताना

वेगवेगळ्या कसरतींना वेगवेगळ्या स्वभावाचं इंजिन लागतं. २६ जानेवारीच्या संचलनात लष्कराच्या सिग्नल कोअरची डेअर डेव्हिल्स तुकडी बुलेटवर मनोरे रचते. तिथे जड फ्लायव्हीलचं (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं चाक), कमी आरपीएमवर धकधक चालणारं इंजिनच हवं. एवढी माणसं अंगावर असताना रेसमध्ये थोडी चूक झाली तरी ते इंजिन ती पोटात घालतं. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’चंही तसंच. पाच मीटर त्रिज्येच्या लाकडी भिंतीवर टिकून राहायला साधारण ३० किलोमीटरचा वेग पुरतो. तिथे ताकदीचा प्रश्नच नाही, तो वेग न हलता धरून ठेवणं महत्त्वाचं.

व्हीली, स्टॉपी (पुढचा ब्रेक मारून मागचं चाक उचलणं), ड्रिफ्ट (मागचं चाक घसरवत फिरणं) या प्रकारात मात्र फ्लायव्हील हलकं आणि उत्तर झटपट हवं. जर्मनीचा क्रिस फायफर चार वेळा जगज्जेता झाला. त्याची ओळख बनलेली बीएमडब्ल्यू एफ ८०० दोन सिलिंडरची होती, आणि त्या काळात अनेक स्टंट रायडर चार सिलिंडरच्या सहाशे सीसीच्या गाड्यांवर खेळत होते. स्लोव्हेनियाच्या रोक बागोरोशने तर केटीएमच्या लहान ड्यूक गाड्यांवर जगभर कार्यक्रम केले. या लहान ड्यूक आपल्या चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनतात. म्हणजे पुणेकराला इंजिनासाठी परदेशाकडे बघायचं कारण नाही.

माझ्या मते शिकायला १६० ते २०० सीसीची, फ्युएल इंजेक्शनची, पाण्याने थंड होणारी गाडी घ्यावी. पल्सर एनएस २०० किंवा ड्यूक २००. यामाहा आरएक्स १००चं नाव काढलं की पुण्यात अजून डोळे पाणावतात. माझेही. ९८ सीसी, ११ घोडाशक्ती, वजन नावाला. पण टू-स्ट्रोकची ताकद वरच्या आरपीएमला एकदम येते, आणि गाडी १९९६ साली बंद झाल्यामुळे आता अस्सल भाग मिळवणं हा निराळाच स्टंट आहे. ती पूजेला ठेवा.

कार्बोरेटरबद्दल एक. व्हीलीत गाडी उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल मागच्या भिंतीकडे सरकतं. मग कधी जेट (पेट्रोलचं बारीक भोक) कोरडा पडतो, कधी पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहतं. हवेतच इंजिन खोकायला लागतं. इंजेक्शनच्या गाडीत ही भानगड नाही, पण टाकीतला पंप पेट्रोल कुठून ओढतो ते पाहून घ्या. टाकी अगदी तळाला गेलेली असताना सराव केला तर तोही हवा ओढतो.

स्प्रॉकेट: खरी जादू इथे

इथे जरा थांबून आकडे मांडू, कारण पोरं पैसे घालवतात ते याच हिशेबाच्या अभावी.

समजा गाडीचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १९ न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गियरमध्ये इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर २८. चाकाच्या आसावर ५३२ न्यूटन-मीटर मिळाले. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर टायर जमिनीला १,७७० न्यूटन जोराने ढकलतो. गाडी आणि चालवणारा मिळून २०५ किलो, म्हणजे वजन सुमारे २,००० न्यूटन. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या टायरच्या टेकण्यापासून जेवढा पुढे तेवढाच जमिनीपासून वर आहे असं धरलं, तर पुढचं चाक उचलायला वजनाइतकाच जोर लागतो. आपल्याकडे २३० न्यूटन कमी पडले. म्हणून कंपनीतून आलेली गाडी नुसत्या रेसवर उठत नाही, क्लच मारून फ्लायव्हीलचा धक्का उसना घ्यावा लागतो.

त्यात पुण्याची उंची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो नसलेलं इंजिन तेवढंच कमी श्वास घेतं. मुंबईहून आलेली मुलं “इथे गाडी मऊ वाटते” म्हणतात, ते काही उगाच नाही.

आता इंजिनाला हातही न लावता मागचं ४३ दात्यांचं स्प्रॉकेट काढून ६० दात्यांचं लावा. गुणोत्तर २८ वरून ३९ वर गेलं, जोर २,४७० न्यूटन. चेन-गियरमध्ये थोडा वाया जाईल, उंचीमुळे थोडा जाईल, तरी गाडी नुसत्या मनगटावर उठेल. किंमत एवढीच, की दहा हजार आरपीएमला पहिल्या गियरमध्ये जी ४० च्या वेगाने जात होती ती आता २९ वर अडकेल. आपल्याला हेच हवंय. हळू व्हीली म्हणजे पडलात तरी हळू पडाल.

प्रत्यक्ष काम असं. नाना पेठेत तयार स्प्रॉकेट मिळालं तर उत्तम, नाहीतर भोसरीत लेथवाल्याकडून करून घ्या, पण हबचं भोक आणि बोल्टचं वर्तुळ जुन्या स्प्रॉकेटवरून मोजूनच. १७ दाते वाढले की चेनीत साडेआठ कड्यांची भर लागते. कड्या जोडीनेच वाढवता येतात, म्हणून आठ किंवा दहा घ्या आणि मागचं चाक सरकवून उरलेलं जुळवा. ६० दात्यांची चकती ४३ च्या चकतीपेक्षा व्यासाने साडेआठ सेंटीमीटर मोठी असते, त्यामुळे कंपनीचं चेनकव्हर बसत नाही. ते काढून मोकळं सोडायचं नाही. पत्र्याचं नवीन करा. मागे उभं राहायचं असतं, आणि चेन-स्प्रॉकेटमध्ये गेलेलं बोट परत येत नाही. चेन ताणताना कोणाला तरी सीटवर बसवा, स्विंगआर्म आडवा आल्यावर चेन सर्वांत ताठ होते. तिथेही तिला किंचित खेळ हवा.

पुढचं स्प्रॉकेट एक दाता लहान करणं हा स्वस्त उपाय आहे. १४ चं १३ केलं की मागे तीन दाते वाढवल्यासारखं होतं. सुरुवातीला तेवढंही पुरतं.

स्लो, केबल आणि पहिला सेंटीमीटर

मिस्त्री लोक ज्याला ‘स्लो’ म्हणतात तो साधारण पंधराशे आरपीएमचा असतो. स्टंटला तो २,२०० ते २,५०० वर घ्यावा. कारण सोपं आहे. व्हीलीत तोल सापडला की रेस जवळजवळ बंद असते. कमी स्लोवर इंजिन लगेच ब्रेकसारखी ओढ धरतं आणि पुढचं चाक दाणकन आपटतं. स्लो वाढवला की ती ओढ बोथट होते. वरच्या हिशेबाच्या गाडीत २,२०० आरपीएमला पहिल्या गियरचा वेग सहा किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका.

कार्बोरेटरवर स्क्रू फिरवला की झालं. नव्या बीएस-६ गाड्यांवर स्लो ईसीयू (इंजिनाचा संगणक) सांभाळतो, तिथे जाणकाराकडूनच काम करून घ्या. वायर तोडून जुगाड केलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यांचा स्लो वाऱ्यावर बदलतो.

मग केबल. रेसच्या मुठीचा मोकळा खेळ जेमतेम दोन मिलिमीटर ठेवा. त्यानंतर एक तपासणी कराच: गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज कणभर जरी चढला तरी केबल आखूड पडतेय. गोल फिरत व्हीली करताना हँडल वळलेलंच असतं, तेव्हा ही गाडी आपली आपण रेस घेईल. हे मी कागदावरून सांगत नाही, माझ्या डाव्या मनगटात त्याची पट्टी आहे.

फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठा कॅम (हेडमधले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवणं याबद्दल विचारू नका. हे सगळं ताकद वरच्या आरपीएमकडे ढकलतं किंवा उष्णता वाढवतं. आपलं काम तीन ते सहा हजारांमध्ये.

क्लच

बोट एकच, तर्जनी किंवा मधलं. लिव्हर बोटात येईल एवढं जवळ घ्या. प्लेटा कंपनीच्या चालतात, स्प्रिंग थोड्या कडक घेतल्या तर बऱ्या. नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कोरड्या लावल्या तर पहिल्याच सकाळी जळतात. आणि कारचं ऑइल ओतायचं नाही. त्यातले घर्षण कमी करणारे घटक ओल्या क्लचला घसरवतात. डब्यावर ‘जासो एमए-२’ लिहिलेलं बघून घ्या.

सराव चालू असताना क्लचचा खेळ उष्णतेने बदलतो. दर विश्रांतीला हाताने तपासा. जळक्या भाकरीसारखा वास आला की थांबायचं, “अजून एकच” म्हणायचं नाही.

ऑइल: इंजिनं इथे मरतात

पंधरा वर्षांत मी स्टंटच्या जेवढ्या गाड्या उघडल्या, त्यात बहुतेक ऑइलनेच गेलेल्या. पहिली माझीच होती. व्हीलीत अर्धा मिनिट टिकलो म्हणून मित्र टाळ्या वाजवत होते आणि हेडमधून कोणीतरी पत्र्यावर खडे टाकतंय असा आवाज येत होता. उघडलं तर कॅमच्या नाकावर नखाला लागतील असे ओरखडे आणि त्यावर टेकणाऱ्या रॉकरचा चकचकीत भाग खरवडून राखाडी झालेला. पिस्टनला काही झालेलं नव्हतं.

घडतं ते असं. ऑइल इंजिनाच्या तळाशी साठलेलं असतं आणि पंप एका जाळीतून ते ओढतो. गाडी उभी झाली की सगळं ऑइल मागे धावतं. जाळी पुढच्या बाजूला असेल तर पंप हवा ओढायला लागतो. अनेक सिंगल सिलिंडर इंजिनांत क्रँकला रोलर बेअरिंग असतं, ते थोडा वेळ उपास काढतं. पण वर हेडमधला कॅम फक्त ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, तो आधी मरतो. स्टॉपीत उलट, ऑइल पुढे धावतं.

उपाय तीन. तुमच्या इंजिनाची जाळी कुठे आहे ते कव्हर उघडलेलं असताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ऑइल कंपनीच्या मापापेक्षा दोनशे मिलिलिटर जास्त भरा. त्याहून जास्त नाही, कारण क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस होतो आणि सील फुटतात. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरकडे जातं, म्हणून त्या नळीला एक बाटली जोडा आणि दर वेळी रिकामी करा. तिसरं, व्हीलीचा वेळ मोजा. सुरुवातीला दहा सेकंद, मग चाक खाली, मग पुन्हा. आणि प्रेशरचा दिवा असेल तर तो नंबरप्लेटपेक्षा महत्त्वाचा समजा.

ऑइल बदलायचा हिशेब किलोमीटरवर ठेवू नका. स्टंटची गाडी दिवसभरात दहा किलोमीटर जात नाही, पण इंजिन तीन तास भाजलेलं असतं. मी टाकीवर चिकटपट्टी लावून तास लिहितो आणि दहा तासांना ऑइल काढतो. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरा. मावळत्या उन्हासारखी चमक दिसली तर धातू झिजतोय.

उष्णता

जागेवर गोल फिरणाऱ्या गाडीला वारा लागत नाही. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि काँक्रीटचं मैदान तव्यासारखं तापतं. सकाळी सहा ते साडेआठ, एवढाच उन्हाळ्यातला सराव. रेडिएटरचा पंखा एका वेगळ्या बटनावर घ्या, म्हणजे विश्रांतीत इंजिन बंद ठेवूनही तो चालवता येतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, नुसतं नळाचं पाणी नाही. आठ मिनिटं खेळ, दहा मिनिटं विसावा.

तापलेल्या हेडवर बाटलीभर पाणी ओतणारे महाभाग अजून भेटतात. वाफ छान येते, फोटो छान येतो, हेड वाकतं.

मैदानावर, क्रमाने

पुढचं चाक उचलायच्या आधी मागचा ब्रेक. हे मी प्रत्येकाला तीन दिवस करायला लावतो आणि प्रत्येक जण कंटाळतो. दहाच्या वेगाने, दर वीस मीटरवर उजव्या पायाचा अंगठा पेडलवर दाबायचा, डोक्याने न ठरवता. व्हीली मागे उलटायला लागली की वाचवतो तो हाच अंगठा. हँडब्रेक नंतर बसवा. तो डाव्या मुठीवर क्लचच्या खाली येतो आणि पाय पेडलवर नसतानाच उपयोगी पडतो.

दुसरं, इंजिन ऐकायला शिका. मीटरवर टेप लावा. तीन हजारांचा आवाज, चार हजारांचा आवाज डोळे न हलवता ओळखता आला पाहिजे. क्लच अर्धा दाबून, रेस एकसारखी ठेवून आठच्या आकड्यात गाडी फिरवा. स्वर हलला की रेस हलली.

मग छोटे उचल. पहिला गियर, गाडी आठ-दहाच्या वेगात, किंचित मागे सरकून बसलेलं, रेस हळूच वर, चाक वीतभर उचललं की बंद. वीतभर. क्लच मारून उचलणं त्यानंतर महिन्याभराने. मागच्या टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी स्थिर वाटते, पण सराव संपला की परत भरा.

मागे घासणारा दांडा, ज्याला सगळे बारा बार म्हणतात, तो गाडी पूर्ण उभी, घड्याळात बारा वाजल्यासारखी झाली की जमिनीला टेकतो. नाव अगदी योग्य आहे, दांडा नसेल तर आपलेच बारा वाजतात. तो साध्या पातळ पाइपचा नको, जाड सीमलेस पाइपचा करून घ्या, आणि वेल्डिंग चासीवर, सीटखालच्या हलक्या सबफ्रेमवर नाही. मनगटाला दोरीने बांधलेला किल-स्विच पहिल्या दिवसापासून. गाडी हातातून सुटली की इंजिन तिथेच मेलं पाहिजे.

सराव संपला की गाडी छोट्या हत्तीत चढवायच्या आधी चेन, स्प्रॉकेटचे बोल्ट, चाकाचा आस, हँडलचे बोल्ट, ब्रीदरची बाटली बघा. मी बोल्टांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवतो, अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. ड्यूकवाल्या पोराच्या गाडीवर गेल्या रविवारी मागच्या स्प्रॉकेटच्या दोन रेघा तुटलेल्या निघाल्या. तो म्हणाला, “काका, चालत तर होती.” मी पाना त्याच्या हातात दिला आणि चहा सांगायला गेलो.